हौस म्हणून डिजिटल चित्रं काढते, ऑनलाइन विकायला सुरुवात करू का? पहिल्याच प्रिंटने धीर सुटलाय

निळीशाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तीन वर्षं झाली टॅबलेटवर चित्रं काढतेय. नोकरीचा चित्रकलेशी काही संबंध नाही, रात्री सगळं आवरलं की तास-दीड तास बसते आणि तेवढा वेळ फक्त माझा असतो. जास्त करून रात्रीचीच चित्रं काढते, गच्च्या, जिने, खिडकीतून बाहेर सांडलेला उजेड, एखादं मांजर. प्रोक्रिएट नावाचं चित्रं काढायचं ॲप वापरते. शिकले सगळं व्हिडिओ बघून बघूनच.

झालं असं की ऑफिसातल्या एकीने माझं एक चित्र फोनवर पाहिलं, गच्चीवर पाठमोरी बसलेली मुलगी आणि वर गडद निळं-जांभळं आकाश, आणि म्हणाली मला हे भिंतीवर लावायला हवं, पैसे देते. मला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी प्रिंटवाल्याकडे फाइल पाठवून ए-3 प्रिंट काढून घेतली. ती हातात आली आणि पोटात गोळाच आला. आकाश सगळं मळकट राखाडी, मुलीचे केस आणि मागची भिंत एकच काळा डाग, खालची माझी सही अर्धी कापली गेलेली, आणि जवळून बघितलं तर मांजराच्या मिशा धुरकट. प्रिंटवाला म्हणाला फाइलच अशी आहे, आम्ही आली तशी छापली. मैत्रीण बिचारी छान आहे म्हणाली, पैसेही देत होती, मी घेतले नाहीत.

कॅनव्हास मी ॲपमध्ये "स्क्रीन साइज" म्हणून येतो तोच घेतला होता, 2160 बाय 1620.

आता प्रश्न दोन. एक, हे नेमकं कुठे चुकलं आणि विकायचं म्हटलं तर नीट कसं करायचं? दुसरा, ऑनलाइन विकायचं तर काय विकतात लोक, प्रिंट, नुसती फाइल, का सांगून काढून घेतलेली चित्रं? आणि खरं सांगायचं तर तिसराही आहे, विकायला लागल्यावर तो रात्रीचा तास तसाच राहतो का?

---

उलटी_घडी

ताई, आधी हे सांगतो की चित्र बिघडलेलं नाही, फाइल छापायच्या मापाची नव्हती एवढंच. तुमच्या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत म्हणून एकेक घेतो.

धुरकट मिशा. छपाईला साधारण एका इंचात 300 पिक्सेल धरतात. ए-3 ची लांब बाजू साडेसोळा इंच, तुमच्याकडे पिक्सेल 2160, म्हणजे इंचाला जेमतेम 130 आले. तुमचा कॅनव्हास 300 ने छापला तर 7 इंचाच्या थोडा वर, पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा एवढाच नीट येणार. ए-4 ला 2480 बाय 3508 लागतात, ए-3 ला 3508 बाय 4961. हे कॅनव्हास उघडतानाच ठरवायचं असतं, नंतर ताणून मोठं केलं तर पिक्सेल वाढतात पण मिशी काही धारदार होत नाही. प्रोक्रिएटमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवा, कॅनव्हास जेवढा मोठा तेवढे लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, कमी मिळतात, त्यामुळे मोठ्या चित्रात लेयर एकत्र करत जायची सवय लावावी लागेल.

कापलेली सही. तुमचं चित्र 4:3 आकाराचं, ए-3 कागद त्याहून लांबट, 1.41 ला 1. रुंदी कागदाला बरोबर बसवली की उंची जास्त होते आणि वरखाली मिळून पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास उडतं. शिवाय कडेपर्यंत रंग हवा असेल तर चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवावं लागतं कारण कटिंग मशीन केसभर इकडेतिकडे होतंच, 300 ला ते 35 पिक्सेल. सही, चेहरा, हाताची बोटं असलं काहीही कडेला नेऊ नका.

मळकट आकाश. हे सगळ्यांच्या जिव्हारी लागतं. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, लाल हिरवा निळा मिळून. कागद उजेड फेकत नाही, त्याच्यावर पडलेल्या उजेडातलाच काही परत देतो, आणि शाई निळसर, गुलाबी, पिवळी, काळी अशी असते. स्क्रीनवरचा तो विजेसारखा निळा, निऑन हिरवा, झगमगता जांभळा या चार शायांतून निघतच नाही, मग मशीन जवळचा कुठलातरी रंग देतं आणि तो मेल्यासारखा दिसतो. तुमचं चित्र नेमकं त्याच निळ्या-जांभळ्यात आहे म्हणून मार जास्त बसला. प्रिंटवाल्याला त्याची प्रोफाइल फाइल मागा, त्याच्या मशीन-कागदावर रंग कसे उतरतात ते तिच्यात असतं, आयसीसी म्हणतात तिला, चांगला प्रिंटवाला देतो. मग कॉम्प्युटरवर क्रिता नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, त्यात ती प्रोफाइल लावून कंट्रोल आणि वाय दाबा, कागदावर साधारण कसं येईल ते स्क्रीनवर दिसतं. फोटोशॉपातही तेच बटण. आणि आपण होऊन फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे त्या चार शायांच्या हिशोबात, बदलून पाठवायची घाई करू नका, पुष्कळ इंकजेट प्रिंटवाले एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या हिशोबातली, फाइलच मागतात कारण त्यांच्या मशीनला चारपेक्षा जास्त शाया असतात आणि ते रूपांतर मशीनच जास्त चांगलं करतं. आधी विचारायचं.

काळा डाग. रात्री अंधारात बसून, स्क्रीनचा ब्राइटनेस फुल ठेवून काढता ना? मग डोळ्याला केस आणि भिंत वेगळी दिसतात पण आकड्यात ती जवळजवळ सारखीच असतात. ब्राइटनेस अर्ध्यावर आणून, खोलीत दिवा लावून तेच चित्र बघा, प्रिंटमध्ये काय दिसणार ते तिथेच कळेल.

आता उपाय, मी स्वतः दर नव्या कागदाला करतो. पूर्ण चित्र छापायचंच नाही. चित्रातला सगळ्यात अवघड तुकडा घ्या, तुमच्या बाबतीत केस, भिंत आणि थोडं आकाश येईल असा. त्याच्या पाच उभ्या पट्ट्या एका ए-4 वर शेजारी शेजारी लावा, पहिली आहे तशी, पुढची प्रत्येक थोडी थोडी उजळ, आणि प्रत्येकीखाली किती उजळ केली तो आकडा लिहा. तेवढा एक कागद छापून आणा आणि दिवसा खिडकीपाशी धरून बघा. जी पट्टी पटेल तो आकडा पूर्ण चित्राला लावायचा. एक कागद खर्च होतो पण नंतरच्या दहा प्रिंट वाचतात.

---

कुंचला

उलटी_घडी यांनी छपाईचं सगळं सांगितलं, मी विकण्याबद्दल लिहिते. सहा वर्षं झाली विकतेय, नोकरी सांभाळूनच, अजूनही नोकरीच घर चालवते हे आधीच सांगते म्हणजे गैरसमज नको.

ढोबळमानाने चार वाटा आहेत. पहिली, प्रिंट ऑन डिमांड, म्हणजे रेडबबलसारख्या वेबसाइट. तुम्ही फाइल चढवायची, गिऱ्हाइकाने मागितलं की छापणं, बांधणं, पाठवणं सगळं तेच करतात. डोक्याला ताप नाही, पण हातात येतं ते फार थोडं, आणि तिथे चित्रांचा इतका महापूर आहे की नुसतं टाकून ठेवलं तर महिनोन् महिने कोणी ढुंकून बघत नाही. शिवाय नियम त्यांचे, 2023 मध्ये रेडबबलने खात्यांच्या श्रेणी पाडून वेगळी फी लावली तेव्हा बऱ्याच छोट्या कलाकारांच्या हातात येणारे पैसे कमी झाले. आणि सगळ्यात मोठं म्हणजे प्रिंट कशी आली ते तुम्ही बघतच नाही. म्हणून निदान एकदा स्वतःचीच प्रिंट स्वतः मागवा.

दुसरी, प्रिंट स्वतः काढून घेऊन पाठवणं. यात समाधान सगळ्यात जास्त, कागद तुम्ही निवडता, सही पेनाने करता, पण पॅकिंग आणि पोस्ट हे वेगळं कामच आहे. कोपरा दुमडला की प्रिंट गेली.

तिसरी, नुसती फाइल विकणं, लोक विकत घेऊन आपापल्या गावात छापून घेतात. ऐकायला सोपं वाटतं पण तुमचा जो घोळ ए-3 ला झाला तोच प्रत्येक गिऱ्हाइकाचा होणार कारण प्रत्येकाची फ्रेम वेगळी. म्हणून अनुभवी लोक एकाच चित्राच्या वेगवेगळ्या आकाराच्या फाइली देतात, 2:3, 3:4, 4:5, ए-मालिकेची एक आणि 11 बाय 14 इंचाची एक. एट्सी नावाच्या ऑनलाइन बाजारात एका लिस्टिंगला, म्हणजे विक्रीला लावलेल्या एका वस्तूला, पाचच फाइली लावता येतात, प्रत्येकी 20 एमबीपर्यंत, त्यात हे बरोबर बसतं. पण चित्र काढतानाच चारी बाजूंनी मोकळं आकाश, मोकळी भिंत सोडावी लागते, नाहीतर 4:5 ला मुलगी बसते आणि 2:3 ला मांजराचं शेपूट जातं.

चौथी, सांगून काढून घेतलेली चित्रं, कमिशन. पैसे यात लवकर मिळतात आणि मनस्तापही यातच. काम सुरू करायच्या आधी निम्मे पैसे घ्या. कच्चं रेखाटन दाखवा, ते लेखी मान्य करून घ्या, मगच रंगाला हात लावा. बदल किती वेळा करून द्याल ते आधीच सांगा, मी दोनदा म्हणते, पुढच्या बदलाला पैसे. माझ्याकडून एकांनी एक पोर्ट्रेट अकरा वेळा बदलून घेतलं, शेवटी पहिलंच आवडलं म्हणाले, आणि मी काहीच ठरवलेलं नसल्यामुळे एक शब्द बोलू शकले नाही. आणि चित्र घरात लावायला हवंय का धंद्याला वापरायचंय हेही विचारा. कोणी ते मालाच्या खोक्यावर छापणार असेल तर त्याचा दर वेगळाच, नुसतं चित्र विकलं म्हणजे त्याचे हक्क विकले असं होत नाही, पण पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचे हक्क भारतात वेगळं काही ठरलेलं नसेल तर गिऱ्हाइकाकडे जातात, म्हणून तेही आधीच लेखी ठरवा.

किंमत ठरवताना सगळे फक्त कागदाचा खर्च धरतात. एट्सीचंच घ्या, लिस्टिंग लावायला फी, ती चार महिन्यांनी संपली की परत फी, विकलं गेलं की साडेसहा टक्के आणि ते टपालखर्चावरसुद्धा, पैसे वळते करायचे आणखी वेगळे. आणि तुमच्या देशातून त्यांचं खातं उघडता येतं का, पैसे कसे येतात हे सगळ्यात आधी बघून घ्या, नाहीतर वीस चित्रं चढवल्यावर कळतं. मग छपाई, खोकं, टेप, आणि तुमचे तास. तास धराच. हौसेचं आहे म्हणून फुकटात जमा धरायचं ही सवय एकदा लागली की सुटत नाही, आणि आपण पडेल भावात विकलं की ज्यांचं पोट यावर आहे त्यांचाही भाव पडतो.

सुरुवात पाच चित्रांनी करा, पन्नास नकोत. पाचही एकाच घरातली वाटावीत अशी. तुमच्या रात्रीच्या गच्च्या आहेतच की.

---

स्टिकरबाई

दोनच गोष्टी, कुणी सांगितल्या नाहीत म्हणून.

पुढेमागे स्टिकर करावेसे वाटतीलच, तेव्हा मागचं पारदर्शक ठेवून पीएनजी द्यायची असते आणि तिथे खोडरबर अर्धवट फिरलेले पुसट पिक्सेल राहतात, पांढऱ्यावर दिसत नाहीत पण कापणाऱ्या मशीनला दिसतात आणि ते त्यांच्याभोवती सुद्धा कापत जातं. माझ्या एका घुबडाला कानाशेजारी एक फोड आल्यासारखा गोळा कापून आला होता, पूर्ण शीटवर. तेव्हापासून फाइल पाठवायच्या आधी सगळ्यात खाली एक भडक गुलाबी लेयर भरते, की जो काय कचरा आहे तो लगेच दिसतो, पुसायचा आणि गुलाबी लेयर काढून टाकायचा.

दुसरं, ब्रश आणि फॉन्ट. फुकट डाउनलोड केलेले पुष्कळसे फक्त स्वतःपुरते वापरायचे असतात, विकायच्या कामाला चालत नाहीत. ज्या फोल्डरमधून आले त्यात एक छोटी टेक्स्ट फाइल असते, ती कोणी उघडत नाही, उघडा. टेक्स्चरचे फोटो, रेफरन्सचे फोटो यांनाही हेच लागू. दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा गिरवून विकू नका, हवा असेल तर संग्रहालयांचं मोकळं सोडलेलं खूप आहे, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 मध्ये त्यांच्याकडच्या कॉपीराइट नसलेल्या लाखो चित्रांचे फोटो वापरायला खुले केले आहेत.

---

निळीशाई

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, दोनदा वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. पट्ट्यांची कल्पना तर डोक्यातच आली नसती.

अजून दोन शंका. एका प्रसिद्ध ॲनिमेशनमधल्या पात्राचं मी काढलेलं चित्र सगळ्यात जास्त लाइक मिळालेलं आहे, ते विकता येईल का? आणि चोरीचं काय? परवा एका ओळखीच्याने तर तोंडावर म्हटलं, हे एआयने काढलंय ना, एवढं कोण बसून काढतं. आणि दुसरा एक म्हणाला कॉम्प्युटरच काढतो मग पैसे कसले. खूप लागलं ते.

---

रेघांचा_गुंता

लागणारच. तीन वर्षांच्या रात्री घातल्या आहेत तुम्ही त्यात.

त्या दुसऱ्याला सांगा, डेव्हिड हॉकनी हा नावाजलेला ब्रिटिश चित्रकार 2009 मध्ये आयफोनवर बोटाने चित्रं काढत होता, नंतर आयपॅडवर, आणि 2012 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याच्या प्रदर्शनात आयपॅडवरची वसंत ऋतूची चित्रं मोठमोठी छापून भिंतभर लावली होती. तेव्हा तो सत्तरी उलटून गेलेला होता आणि आयुष्यभर कॅनव्हासवर रंगवत आलेला माणूस. साधन कुठलंही असो, कुठे उजेड ठेवायचा आणि कुठे अंधार हे माणूसच ठरवतो.

एआयच्या शंकेवर भांडत बसू नका, पुरावा ठेवा. प्रोक्रिएट आपोआप टाइमलॅप्स, म्हणजे चित्र कसं घडत गेलं त्याचा भराभर पळणारा व्हिडिओ, रेकॉर्ड करतं, ते बंद केलेलं नाही ना बघा. क्रितातही रेकॉर्डरची सोय आहे. लेयर असलेली मूळ फाइल कधीही कोणाला देऊ नका आणि पुसूही नका, दोन ठिकाणी कॉपी ठेवा. उद्या कोणी तुमचं चित्र स्वतःचं म्हणून विकायला लागला तर ती लेयरची फाइल आणि तो व्हिडिओ तुमच्याकडेच असणार, त्याच्याकडे नसणार. शिवाय गिऱ्हाइकांना तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बघायला फार आवडतो, माझी निम्मी विक्री त्यावरच होते.

चोरी पूर्ण थांबत नाही, पण नेटवर टाकायची कॉपी लहान ठेवा, लांब बाजू हजार-बाराशे पिक्सेल पुरे, त्यातून कोणाला धड मोठी प्रिंट काढता येत नाही. तुम्हाला स्वतःला आलाच की तो अनुभव. एआयला शिकवण्यासाठी चित्रं उचलतात त्यावर शिकागो विद्यापीठाच्या लोकांनी 2023 मध्ये ग्लेझ नावाचं फुकट टूल काढलं, ते चित्रात डोळ्याला फारसे न दिसणारे बदल करतं जेणेकरून तुमच्या शैलीची नक्कल करणं अवघड व्हावं. पक्कं कुलूप नाही ते, पण दार उघडं ठेवण्यापेक्षा बरं.

कॉपीराइट चित्र काढल्या क्षणी तुमचा होतो, बर्न करार म्हणून कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यातल्या देशांत त्यासाठी कुठे नोंद करावी लागत नाही, आणि जगातले बहुतेक देश त्यात आहेत. पण हीच गोष्ट त्या ॲनिमेशनवाल्यांनाही लागू आहे ना. पात्र त्यांचं आहे. तुम्ही कितीही वेगळं काढलं तरी त्याच्यावरून केलेलं काम विकायला त्यांची परवानगी लागते. काही कंपन्या काणाडोळा करतात, काही एका दिवसात लिस्टिंग काढायला लावतात, आणि असं दोन-तीनदा झालं की दुकानच बंद होऊ शकतं, मग त्यातली तुमची स्वतःची चित्रंही गेली. लाइक मिळालेत ते राहू द्या, विकायला तुमच्या गच्च्या ठेवा. लाइक त्या पात्राला मिळालेत, गच्चीवरच्या मुलीला मिळतील ते तुमचे.

---

कुंचला

वरच्या सगळ्याला हो. आणि त्या तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं होतं, मुद्दाम नंतर लिहिते म्हटलं कारण त्यावर माझं मत ठाम आहे.

नाही, तो तास तसाच राहत नाही. माझा दीड वर्षात पार बदलला. एक झाडांच्या मुळांचं चित्र चाललं, खूप चाललं, मग मी मुळंच काढत बसले, वेगळं काही काढायला घेतलं की मनात यायचं हे कोण घेणार, आणि पेन खाली ठेवायचे. एका रात्री टॅबलेट उघडून नुसती आकडेच बघत बसले, किती जणांनी पाहिलं, किती जणांनी जपून ठेवलं, तास संपला आणि एक रेघ काढली नव्हती. त्यानंतर तीन महिने दुकानाला सुट्टी लावली.

आता आठवड्यातले दोन दिवस दुकानाचे, त्यात मेल, पॅकिंग, फाइली, कमिशन. बाकीच्या दिवशी दुकानाचं ॲप उघडत नाही. आणि एक फोल्डर आहे "घरचं" नावाचं, त्यातलं काहीही विकायचं नाही, टाकायचंही नाही, अगदी कोणी मागितलं तरी. वाईट चित्रं आहेत त्यात बरीच, अर्धवट सोडलेली आहेत. पण माझ्या हाताला जे काही नवीन आलं ते सगळं आधी तिथे आलं आणि मग दुकानात गेलं. तुम्ही दुकान उघडायच्या आधी तो फोल्डर उघडा.

---

निळीशाई

तुमचं वाचून काल रात्री फोल्डर केला. त्यात पहिलं ते ॲनिमेशनवालं चित्र टाकलं.

आणि पट्ट्या छापून आणल्या! नवीन प्रिंटवाला शोधला, त्याने प्रोफाइल न मागता दिली. आत्ता खिडकीपाशी बसूनच लिहितेय. पहिली पट्टी तशीच काळी. दुसरीत केस जरा सुटे झाले. तिसरीत, उजळ 20 वर, केसांची कड आणि भिंत पहिल्यांदा वेगळी दिसली, आणि भिंतीवर मी काढलेली पोपडे आलेली जागा दिसली जी मला स्वतःला आठवत पण नव्हती. चौथी-पाचवीत रात्र राहिलीच नाही, संध्याकाळ झाली. आकाश मात्र पाचहीत स्क्रीनसारखं नाहीच, तो निळा गेला तो गेला, पण कागदावरचा हा थोडा शाईकडे झुकलेला निळा बघत राहिले की वाईट वाटत नाही, वेगळा आहे.

चित्र आता नव्याने काढायला घेतलंय, 3508 बाय 4961 वर, आडवं, चारी बाजूंनी आकाश जास्तीचं ठेवून. लेयर खरंच फार कमी मिळाले, मांजर आणि कठडा एकाच लेयरवर काढावा लागतोय. मैत्रिणीला सांगितलं महिनाभर थांब. ती म्हणाली पहिली प्रिंट तिने लावून टाकलीये, दुसरीसाठी शेजारी जागा ठेवली आहे.

उलटी_घडी, एक विचारायचं राहिलं, पट्ट्या मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, कागदावर आहेत, तोच आकडा कापसाच्या जाड कागदाला चालेल का परत पट्ट्या काढू?

---

उलटी_घडी

परत काढा. कापसाचा कागद बहुतेक वेळा शाई जास्त पितो, अंधारातले बारकावे आणखी बुडतात. 20 पासूनच सुरू करा आणि पाच-पाचने वर जा. आणि त्या कागदाची प्रोफाइल वेगळी असते, तीही मागून घ्या.